दाबाखालचा प्राणवायु आणि सैनिकाची अदृश्य जखम

मनुष्यास दुसऱ्याची जी जखम दिसते तिची दया येते, आणि जी दिसत नाहीं तिचा संशय येतो. पाय गमावलेल्या सैनिकास आगगाडींत लोक उठून जागा देतात. परंतु ज्याचे हातपाय शाबूत आहेत आणि तरीहि ज्यास रात्रीं झोंप नाहीं, दार आपटलें कीं जो दचकून उभा राहतो, ज्यास घरच्या लेंकरांचा गलबला सोसत नाहीं, त्याच्याविषयीं प्रथम शेजारी, मग घरचे आणि शेवटीं तो स्वतःच विचारूं लागतो कीं, हें दुखणें खरें आहे कीं नुसतें मनाचें दुबळेपण आहे? या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. त्या इतिहासाशीं अलीकडे एका निराळ्याच उपचाराची, म्हणजे दाबाखालीं प्राणवायु देण्याच्या उपचाराची, कथा येऊन मिळाली आहे. ती कथा आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय मनांत येण्यास एक निमित्त घडलें. आमचे एक जुने विद्यार्थी पदवी घेतल्यावर सैन्यांत गेले, आणि आतां निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यांतील आपल्या गांवीं राहतात. नोकरींत असतां त्यांच्या गाडीजवळ सुरुंगाचा स्फोट झाला होता. अंगावर ओरखडाहि उठला नाहीं, म्हणून दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर ते कामावर रुजू झाले. पुढें मात्र डोकेदुखी, विसराळूपणा, चिडखोरपणा आणि निद्रानाश यांनीं त्यांची पाठ सोडली नाहीं. गेल्या दिवाळींत ते आमच्या घरीं आले, तेव्हां परदेशीं असलेल्या भाच्यानें पाठविलेलीं कांहीं कात्रणें त्यांनीं बरोबर आणलीं होतीं. अमेरिकेंत माजी सैनिकांस, आगीच्या बंबावरील लोकांस आणि पोलिसांस बंद कोठींत बसवितात, आंतील दाब वाढवून त्यांस शुद्ध प्राणवायु हुंगावयास देतात, आणि त्यानें त्यांचे जुने आघात बरे होतात, असा त्या कात्रणांतील मजकूर होता. “सर, डॉक्टरकीचें मी विचारीत नाहीं. पण हें कोठून आलें आणि यांत खरें किती, एवढें पाहून सांगाल का?” असें ते म्हणाले. निघतांना दारांत थांबून त्यांनीं आणखी एक वाक्य उच्चारलें: “त्या कोठीनें मी बरा झालों नाहीं तरी एक वेळ चालेल, पण माझ्या डोक्याला खरोखर मार लागला होता, एवढें तरी ठरेल ना?” हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. तेव्हां जें वाचून पाहिलें तें येथें सांगतों.

या कथेचा आरंभ युद्धभूमीवर होत नाहीं. तो नदीच्या तळाशीं होतो. दाबलेल्या हवेंत रोग्यांस ठेवण्याची कल्पना तशी जुनी आहे. सतराव्या शतकांत हेनशॉ नांवाच्या इंग्रज वैद्यानें भात्यानें हवा कोंबलेल्या खोलीची कल्पना मांडली होती. तेव्हां प्राणवायूचा शोधहि लागलेला नव्हता. तो प्रीस्टली व शीले यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्वतंत्रपणें लावला. १८३० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें जूनो, प्राव्हाझ, ताबारिए इत्यादि मंडळींनीं ‘दाबलेल्या हवेचीं स्नानें’ सुरू केलीं, आणि श्रीमंत रोगी तेथें हवापालटास जावें तसे जाऊं लागले. परंतु दाबाचा शरीरावर खरा परिणाम काय होतो, हें या सुखवस्तु रोग्यांकडून कळलें नाहीं. तें गरीब मजुरांच्या हालांवरून कळलें.

पाण्याच्या तळाशीं खोदकाम करावयाचें तर पाणी दूर कसें ठेवावें, हा इंजिनिअरांपुढील मोठा प्रश्न होता. १८४० च्या सुमारास त्रिझे नांवाच्या फ्रेंच इंजिनिअरनें ल्वार नदीकांठीं कोळशाच्या खाणीचा खड्डा खणतांना लोखंडी नळकांड्यांत दाबलेली हवा भरून पाणी हटविण्याची युक्ति काढली. पुढें याच युक्तीनें मोठमोठ्या पुलांचे पाये घालण्यांत आले. तळ उघडा असलेली एक प्रचंड पेटी पाण्यांत उतरवावयाची व तींत पंपानें हवा कोंबावयाची. म्हणजे पाणी आंत शिरत नाहीं आणि मजूर नदीच्या तळावर उभे राहून खणूं शकतात. या पेटीस ‘केसन’ म्हणत. आंत काम करीत असतां मजुरांस फारसें कांहीं होत नसे. त्रास होई तो बाहेर आल्यावर. सांधे ठणकत, अंग वांकडें होई, पाय लुळे पडत, आणि कित्येक तर कांहीं तासांतच प्राणास मुकत. सेंट लुईस येथें मिसिसिपी नदीवरील ईड्सचा पूल १८७४ सालीं पुरा झाला, तोंपर्यंत दहाहून अधिक मजूर या रोगास बळी पडले होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग हा १८७२ सालीं याच रोगानें जायबंदी झाला. तो घराच्या खिडकींतून दुर्बिणीनें काम पाहत राही आणि त्याची पत्नी एमिली त्याच्या सूचना पुलावर पोंचवी. अशा रीतीनें १८८३ सालीं तो पूल खुला झाला. वाचकांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, या लोकांच्या अंगावरहि जखम नव्हती.

या रोगाचा उलगडा पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें केला. १८७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, दाबाखालीं हवेंतील नत्रवायु रक्तांत व मांसांत विरघळतो, आणि दाब एकदम काढला म्हणजे सोडावॉटरची बाटली उघडावी तसा बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. त्याच ग्रंथांत त्यानें दुसरीहि एक गोष्ट सिद्ध केली: प्राणवायु हा जीवनाचा आधार खरा, परंतु फार दाबाखालीं तोच विषासारखा होतो आणि प्राण्यांस आंचके येतात. म्हणजे या उपचाराचा गुण आणि त्याचा धोका यांची ओळख जवळजवळ एकदमच झाली.

निदान झाल्यावर उपाय सुचण्यास वेळ लागला नाहीं. न्यूयॉर्क येथें हडसन नदीखालच्या बोगद्याच्या कामावर १८८९ सालीं अर्नेस्ट मॉयर हा इंग्रज इंजिनिअर आला, तेव्हां मजुरांच्या मृत्यूचें प्रमाण वर्षास शेंकडा २५ च्या घरांत होतें. त्यानें कामाच्या जागीं एक लोखंडी कोठी उभारली. दुखणें उद्भवलें कीं मजुरास तींत घालून दाब पुनः चढवावयाचा आणि मग अगदीं हळूहळू उतरवावयाचा, एवढाच तो उपाय होता. त्यानंतरच्या पंधरा महिन्यांत १२० मजुरांपैकीं दोघेच दगावले. १९०८ सालीं इंग्लंडांत जॉन स्कॉट हॉल्डेन यानें बोकडांवर प्रयोग करून पाणबुड्यांनीं कोणत्या खोलीवर किती वेळ थांबत वर यावें याचीं कोष्टकें सिद्ध केलीं. आणि १९३७ सालीं अमेरिकन आरमारांतील बेन्के व शॉ यांनीं त्या कोठींत साध्या हवेऐवजीं प्राणवायु देण्याचा मार्ग दाखविला. मुंबईस कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयांतहि अशा कोठ्या आहेत. पाणबुड्यांच्या दुखण्यावर त्या आजहि उपयोगी पडतात.

येथपर्यंतची वाट मोजमापाची होती. परंतु त्याच काळांत दुसरी एक वाटहि फुटली, आणि ती केवळ श्रद्धेची होती. अमेरिकेंतील कॅन्सस सिटीचे डॉ. ऑर्व्हल कनिंगहॅम यांनीं १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत दाबलेल्या हवेनें रोगी सुधारतांना पाहिले. तेवढ्यावरून त्यांची अशी खात्री झाली कीं, मधुमेह, उपदंश, कर्करोग अशा अनेक रोगांवर हाच उपाय लागू पडेल. टिमकेन नांवाच्या एका धनाढ्य कारखानदारानें त्यांस मदतीचा हात दिला आणि सुमारे दहा लक्ष डॉलर खर्चून १९२८ सालीं क्लीव्हलंड येथें ६४ फूट व्यासाचा एक पोलादी गोल उभा राहिला. त्यांत मजल्यांवर मजले होते, रोग्यांसाठीं खोल्या होत्या आणि उजेडासाठीं गोल खिडक्या होत्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशननें कनिंगहॅम यांजजवळ पुन्हां पुन्हां पुरावा मागितला. तो त्यांस देतां आला नाहीं. रुग्णालय बंद पडलें, आणि १९४२ सालीं तो गोल मोडून त्याचें पोलाद युद्धाच्या कामीं देण्यांत आलें. कनिंगहॅम हे लबाड होते असें आम्हांस वाटत नाहीं. बरा झालेला रोगी त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता; परंतु तो कशानें बरा झाला हें तपासण्याची गरज त्यांस वाटली नाहीं, एवढाच त्यांचा दोष. मात्र या दोषाची किंमत रोग्यांस द्यावी लागते.

मोजमापाची वाट पुढें चालतच राहिली. आपल्या रक्तांतील तांबडे कण प्राणवायु वाहून नेतात. निरोगी माणसांत साध्या हवेंतहि ते जवळजवळ भरलेलेच असतात, म्हणून नुसता अधिक प्राणवायु हुंगल्यानें त्यांत फारशी भर पडत नाहीं. दाब वाढविला म्हणजे मात्र प्राणवायु रक्तांतील पाण्यासारख्या द्रवांतच विरघळूं लागतो. ॲम्स्टरडॅमचे शस्त्रवैद्य इटे बुरेमा यांनीं डुकरांच्या रक्तांतील जवळजवळ सर्व तांबडे कण काढून घेतले आणि तिप्पट दाबाखालीं प्राणवायु देऊन त्यांस जिवंत ठेविलें. हा प्रयोग १९६० सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास ग्लासगो येथें कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूनें गुदमरलेल्या रोग्यांवर, आणि ॲम्स्टरडॅम येथें जखमा सडविणाऱ्या ‘गॅस गँग्रीन’ या रोगावर, हा उपचार गुणकारी ठरला. आगींत धुरानें बेशुद्ध पडलेल्या बंबवाल्यासहि त्याचा उपयोग होतो. मधुमेहाच्या कांहीं चिघळलेल्या जखमा, किरणोपचारानें जळालेलें हाड, अशा सुमारे चौदा व्याधींवर हा उपचार आज जाणत्या वैद्यांस मान्य आहे. सैनिकाच्या मनाचा आघात मात्र त्या यादींत नाहीं. मग तो या कोठीपर्यंत येऊन पोंचला कसा, हें पाहण्यासाठीं आपणांस पहिल्या महायुद्धाच्या खंदकांकडे वळलें पाहिजे.

फेब्रुवारी १९१५ मध्यें चार्ल्स मायर्स यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत तीन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. तोफेचे गोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची दृष्टि, वास, चव आणि स्मृति यांत बिघाड झाला होता. या स्थितीस त्यांनीं ‘शेल शॉक’ हें नांव वापरलें. स्फोटाच्या लाटेनें मेंदूस सूक्ष्म इजा होत असावी असा प्रथम तर्क होता. कांहींनीं स्फोटांतून निघणाऱ्या विषारी वायूवरहि बोट ठेविलें. परंतु लवकरच असें दिसून आलें कीं, ज्यांच्या जवळपास गोळा फुटलाच नव्हता अशांचीहि तीच अवस्था होते. मग मत फिरलें आणि हें सारें मनाचेंच आहे असें लोक म्हणूं लागले.

हा वाद केवळ पंडितांचा राहता तर बिघडलें नसतें. ब्रिटिश सैन्यांत १९१६ सालीं अशा रोग्यांच्या नांवापुढें दोहोंपैकीं एक अक्षर लिहीत: शत्रूच्या गोळ्यानें झालेल्या इजेस ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी, आणि एरवीं ‘एस’, म्हणजे आजारी. पहिलें अक्षर मिळालें तर बाहीवर जखमेची मानाची पट्टी आणि पुढें पेन्शनचा हक्क. दुसरें मिळालें तर यांपैकीं कांहींच नाहीं. दोघांचे हात सारखेच कांपत होते, दोघांची झोंप सारखीच उडाली होती. परंतु एक वीर ठरे आणि दुसरा नुसता दुबळा. १९१७ सालीं तर ‘शेल शॉक’ हा शब्दच कागदोपत्रीं लिहूं नये असा हुकूम निघाला. त्या युद्धांत पळून जाणें, भित्रेपणा इत्यादि गुन्ह्यांबद्दल ब्रिटिश सैन्यांतील ३०६ शिपायांस त्यांच्याच सोबत्यांकडून गोळ्या घालविण्यांत आल्या. त्यांतील कांहीं या व्याधीनें ग्रासलेले होते. पार्लमेंटनें त्या सर्वांस क्षमा केली ती २००६ सालीं. ती ऐकावयास त्यांतील कोणाचे आईबाप उरले नव्हते.

व्हिएतनामच्या युद्धानंतर १९८० सालीं अमेरिकन मानसरोगवैद्यांनीं या व्याधीस आघातोत्तर तणावविकार असें नांव देऊन तिला आपल्या यादींत स्थान दिलें. प्रश्न सुटला असें वाटलें. परंतु अफगाणिस्तान आणि इराक येथील युद्धांनीं तो पुन्हां उकरून काढला. रस्त्याकडेला पुरलेल्या बॉम्बच्या स्फोटांतून हजारों सैनिक वरून धडधाकट परत आले, आणि डोकेदुखी, विस्मरण, भयस्वप्नें यांनीं गांजून गेले. हा मेंदूचा मार कीं मनाचा? २०१६ सालीं अमेरिकेंतील डॅनिएल पर्ल व त्यांचे सहकारी यांनीं स्फोटांस सांपडलेल्या आणि पुढें मृत्यु पावलेल्या थोड्या सैनिकांचे मेंदू तपासले, तेव्हां त्यांत विशिष्ट ठिकाणीं सूक्ष्म व्रण आढळले. एका पिढीनें हंसून सोडलेली शंका शंभर वर्षांनीं पुन्हां विचारार्ह ठरली. पण असे व्रण जिवंत माणसांत नेहमींच्या तपासणींत दिसत नाहींत. म्हणून आमच्या विद्यार्थ्यासारख्यास त्यांचा दाखला मिळणें नाहीं.

अशा अडचणींत सांपडलेल्या सैनिकांपुढें ती जुनी पोलादी कोठी आली. मार लागलेल्या भागाभोंवतीं कांहीं पेशी मेलेल्या नसतात, नुसत्या मंद पडलेल्या असतात. त्यांस भरपूर प्राणवायु मिळाला तर त्या पुनः कामास लागतील, असा या उपचारामागील विचार. न्यू ऑर्लिन्सचे डॉ. पॉल हार्च यांनीं थोड्या सैनिकांस दीडपट दाबाखालीं चाळीस बैठका दिल्या आणि ते सुधारले असें २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. ज्यांस प्राणवायु दिला नाहीं असे तुलनेचे रोगी मात्र त्यांत नव्हते. बरे झालेले सैनिक बोलूं लागले, दानशूर मंडळी पुढें आली, आणि अमेरिकेंतील कित्येक राज्यांनीं याविषयीं कायदेहि केले.

अमेरिकन सैन्यानें मात्र या खेपेस कनिंगहॅमचा मार्ग न धरतां चाचण्या घेतल्या, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. पहिल्या चाचणींत पन्नास सैनिकांचे दोन गट केले. एकास जास्त दाबाखालीं प्राणवायु दिला; दुसऱ्यास कोठींतच बसवून, कान दडे बसण्याइतपत थोडा दाब चढवून, साधी हवा दिली. आपण कोणत्या गटांत आहों हें सैनिकांस ठाऊक नव्हतें. तीस बैठकांनंतर पाहतां दोन्ही गट सुधारले होते, आणि त्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणींत ७२ सैनिकांचे तीन गट होते: एकास नेहमींचे उपचार, दुसऱ्यास त्यांबरोबर कोठींतील प्राणवायु, तिसऱ्यास त्यांबरोबर कोठींतील साधी हवा. कोठींत बसलेले दोन्ही गट नेहमींच्या उपचारवाल्यांपेक्षां अधिक सुधारले. परंतु प्राणवायुवाले आणि साध्या हवेवाले यांत पुन्हां फरक दिसला नाहीं.

या निकालाचा अर्थ काय, यावर मोठा वाद माजला. उपचाराचे पुरस्कर्ते म्हणाले, थोड्या दाबाखालील हवा हाहि कांहीं अंशीं औषधच आहे, कारण तींत प्राणवायु नेहमींपेक्षां अधिक मिळतो; तेव्हां दोन्ही गटांस औषधच मिळालें. आक्षेप रास्त होता. परंतु पेन्साकोला येथील एका चाचणींत त्याचा विचार आधींच केलेला होता. तेथें ६१ सैनिकांस एकाच दुप्पट दाबाखालीं बसविलें, आणि एका गटाच्या हवेंत नत्रवायु इतका मिसळला कीं, त्यांच्या छातींत प्राणवायु उघड्या हवेइतकाच जावा. तेथेंहि गटागटांत फरक पडला नाहीं. दुसऱ्या एका चाचणींत ७१ जणांस वर्षभर पाहिलें; तेव्हां प्राणवायूनें आरंभीं थोडा गुण दिसला, आणि सहा महिन्यांनंतर तो मावळला. याच्या उलट इस्राएलमधील वैद्यांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या चाचणींत, युद्धामुळें तणावविकार जडलेल्या सैनिकांस दुप्पट दाबाखालीं साठ बैठका दिल्यावर, नकली उपचाराच्या गटापेक्षां स्पष्ट सुधारणा आढळली. ही चाचणी लहान आहे, आणि इतरत्र इतर वैद्यांच्या हातून तिचा पडताळा होणें अवश्य आहे. परंतु ती दुर्लक्षिण्यासारखी नाहीं. आणि बंबवाले, पोलीस, रुग्णवाहिकेवरील सेवक यांच्याविषयीं बोलावयाचें तर वर सांगितलेल्या सर्व चाचण्या सैनिकांवर झालेल्या आहेत. ज्याचा आघात एका स्फोटाचा नसून वर्षानुवर्षें जळालेलीं व चिरडलेलीं माणसें उचलण्याचा आहे, त्यास त्या जशाच्या तशा लावतां येणार नाहींत.

म्हणून आजचा प्रामाणिक निष्कर्ष असा कीं, या कामीं दाबाखालच्या प्राणवायूचा गुण सिद्ध झालेला नाहीं; तो नाहींच असेंहि सिद्ध झालेलें नाहीं. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २०१३ सालींच लोकांस इशारा दिला कीं, मान्य नसलेल्या व्याधींसाठीं हा उपचार विकणाऱ्यांपासून सावध राहावें. चाळीस बैठकांस हजारों डॉलर पडतात. आणि धोका नाहीं असेंहि नाहीं. प्राणवायूनें भरलेल्या कोठींत लहानशी ठिणगीहि पुरते. इटलींत मिलान येथें १९९७ सालीं अशा कोठीस आग लागून अकरा माणसें होरपळून मेलीं; मिशिगन राज्यांत २०२५ च्या आरंभीं एका खासगी केंद्रांतील कोठींत पांच वर्षांचें बालक दगावलें.

परंतु त्या चाचण्यांतील एक गोष्ट आम्हांस या सर्व वादाहून मोलाची वाटते. साध्या हवेवर बसलेले ते सैनिक सुधारले कशानें? पुरस्कर्ते म्हणतात दाबानें, विरोधक म्हणतात नुसत्या विश्वासानें. पण त्यांस प्रत्यक्ष काय मिळालें तें पाहावें. आठवडेच्या आठवडे, ठरलेल्या वेळीं, कोणी तरी त्यांची वाट पाहत होतें; तासभर शांत बसावयास मिळत होतें; सेवक त्यांची विचारपूस करीत होते; आणि मुख्य म्हणजे, मनाच्या डॉक्टरकडे जाण्यास जो मनुष्य लाजला असता, तो या पोलादी कोठींत पाणबुड्यासारखा ताठ मानेनें शिरत होता. तेथें त्याच्या दुखण्यास कोणी खोटें म्हणत नव्हतें. या साऱ्यानें कोणास बरें वाटलें असेल तर तें बरें वाटणें खोटें आहे असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. फक्त त्याचें श्रेय प्राणवायूस देऊन त्याचें बिल रोग्याच्या हातीं देऊं नये.

आमच्या विद्यार्थ्यानें दारांत उच्चारलेल्या वाक्याचा अर्थ आतां आम्हांस अधिक कळतो. त्यांस औषधाइतकाच, किंबहुना औषधाहून अधिक, एक दाखला हवा होता. १९१६ सालच्या त्या शिपायास हवें असलेलें अक्षरच त्यांस हवें होतें. आम्हीं त्यांस पत्रानें कळविलें तें असें. कोठी हें तुमच्या जखमेचें प्रमाणपत्र नव्हे. तिच्यांत बसून तुम्ही बरे झालांत तर मार खरा होता आणि न झालांत तर खोटा होता, असें ठरत नाहीं. कोठें प्रामाणिक चाचणी चालूं असेल आणि तींत घेत असतील तर खुशाल जावें. पण जमीन विकून कोणाच्या खासगी कोठींत बसूं नये. त्याआधीं पुण्याच्या लष्करी रुग्णालयांत जाऊन मनाच्या वैद्यासमोर बसावें. आघाताच्या आठवणींविषयीं तज्ज्ञाशीं पद्धतशीर बोलण्याचे जे उपचार आहेत त्यांचा गुण प्राणवायूहून पुष्कळ अधिक तपासून झालेला आहे. आणि मार मेंदूला लागला कीं मनाला, हें ठरेपर्यंत मान खालीं घालून राहण्याचें तुम्हांस कांहींच कारण नाहीं. तुम्हीं नोकरी केली ती सबंध माणसानें केली. त्यांतील मनुष्याचा कोणता भाग दुखावला यावर त्याचा मान ठरत नाहीं.

त्यांच्या गांवच्या चावडीच्या भिंतींत एक संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या आपल्या सातारा-रत्नागिरीकडील पुष्कळ गांवांत सांपडतात. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गांवांतून किती माणसें गेलीं आणि त्यांपैकीं किती कामास आलीं, हे दोन आंकडे तीवर कोरलेले असतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यांत आगीशीं झुंजणारे ६६ बंबवाले मरण पावले. त्यांच्याच स्मरणार्थ दरवर्षीं त्या दिवशीं देशभर अग्निशमन दिन पाळतात. हे आंकडे कोरलेच पाहिजेत. पण गेलेल्यांतून मेलेले वजा केले म्हणजे एक तिसरा आंकडा उरतो, तो परत आलेल्यांचा. आणि त्यांतले किती जण पुढें आयुष्यभर रात्रीं ओसरीवर जागे बसत, हें कोणत्याहि पाटीवर लिहिलेलें नाहीं. त्यांच्या बायकांस तें ठाऊक होतें, आणि त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं.

आमच्या पत्राचें उत्तर गेल्या आठवड्यांत आलें. तें चारच ओळींचें आहे. कात्रणें भाच्यास परत पाठविलीं, पुढल्या मंगळवारीं पुण्यास जाण्याचें ठरविलें आहे, आणि गांवांतील आणखी एक निवृत्त हवालदार ‘मीहि येतों’ म्हणाला आहे, एवढेंच त्यांत लिहिलें आहे.